मागच्या खोलीत खिळाही नव्हता

अकोल्यात आम्ही बावीस वर्षं भाड्याच्या घरात काढली. मी शाळेत मराठी शिकवायचे आणि हे कोर्टात वकिली करायचे. घर घ्यायचं तर अमरावतीत आणि तेही त्या एकाच कॉलनीत, हे आम्ही फार आधी ठरवून टाकलं होतं. रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना कडुनिंब, शेजार डॉक्टर-प्राध्यापकांचा, आणि संध्याकाळी टेकडीकडून येणारं वारं. अकोल्याच्या मे महिन्यातून उठून तिथं गेलं की जीव थंड व्हायचा. पण तिथलं घर सहसा विकायला निघायचं नाही. निघालंच तर पाटी लागायच्या आत जायचं. म्हातारं माणूस गेल्याशिवाय तिथं घर मोकळं होत नाही, असं दलाल हसत हसत सांगायचा.

ह्यांनी कोर्टात जाणं कमी केलं त्या वर्षी त्याचाच फोन आला. एक निवृत्त प्राध्यापक मुलाकडे पुण्याला निघाले होते आणि त्यांना घाई होती. आम्ही दुसऱ्याच दिवशी जाऊन घर पाहिलं. पुढं बैठक, मध्ये स्वयंपाकघर आणि एक निजायची खोली, मागं आणखी एक खोली. सगळं घर सामानानं भरलेलं होतं. व्हरांड्यातसुद्धा खोकी रचली होती. फक्त ती मागची खोली रिकामी होती. खाट नाही, कपाट नाही, भिंतीला एक खिळा नाही. मी सहज विचारलं तर प्राध्यापकांच्या बायकोनं नवऱ्याकडं पाहिलं. ते म्हणाले, जरा दमट आहे, बाकी काही नाही. मला वाटलं, बांधाबांध त्या खोलीपासून सुरू केली असेल. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं की माणूस जास्त विचारत नाही. मी तरी पुढं विचारलं नाही.

ह्यांना तीच खोली आवडली. उत्तरेला खिडकी होती, दिवसभर उजेड असायचा. कायद्याच्या पुस्तकांनी भरलेली चार लोखंडी कपाटं तिथं लागली. टेबल-खुर्ची लागली. सकाळी चहा झाला की हे तिथं जाऊन बसायचे ते जेवायलाच उठायचे.

कॉलनीच्या पलीकडं अजून थोडी वावरं शिल्लक होती. तिथून एक बाई डोक्यावर टोपलं घेऊन भाजी विकायला यायची. साठीची असेल, उंच, कमी बोलणारी. गवार, भेदरं म्हणजे टोमॅटो, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं घरच्या वावरातलं. ती आमच्या फाटकाशी बसायची. तिथून बाजूच्या बोळातून मागची खिडकी दिसायची. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, वकीलसाहेब त्या खोलीत बसतात का? मी हो म्हटलं. चार दिवसांनी तिनं पुन्हा तेच विचारलं. मग एकदा विचारलं, रात्री झोपत तर नाहीत ना तिथं? मला तो आगाऊपणा वाटला. दुसरीकडून भाजी घ्यावी, असंही मनात येऊन गेलं.

आषाढात एका कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं. ह्यांनी पायाखाली कागदाची घडी घातली. पंधरा दिवसांत दुसरी घडी लागली. श्रावणात लाकडाची पाचर घालावी लागली. नवं घर बसायला वेळ घेतं, असं हे म्हणाले. घर नवं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

नागपंचमीच्या आसपास मी भाजीवालीला ते दाराचं सांगितलं. तिनं हातातला तराजू खाली ठेवला.

"बाई, मी सांगू का नोको, असं करून राह्यली होती," ती म्हणाली. "हे आमचं वावर होतं. तुमच्या त्या खोलीखाली माह्या सासऱ्याची इहीर हाय."

तिच्या दिरांनी वावर विकलं, प्लॉट पडले, आणि घेणाऱ्यानं विहीर बुजवली. तिनं ते स्वतः उभं राहून पाहिलं होतं. आत तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या गाड्याच्या गाड्या लोटल्या, आणि वर मुरूम पसरून रोलर फिरवला.

"लाकूडफाटा तो, बाई. सडनारच न?"

मी तिला तशीच बसवून मागच्या खोलीत गेले. हे वाचत होते. भिंतीच्या कडेला वाकून पाहिलं तर फरशी आणि भिंत यांच्यामध्ये माझं बोट आत गेलं.

ह्यांनी आधी उडवून लावलं. मंजूर लेआउट आहे, कागद मी स्वतः तपासलेत, वगैरे. पण दुपारी त्यांनी प्राध्यापकांना फोन लावला. मी शेजारीच उभी होते. हे तिरकस काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, की इथं पूर्वी विहीर होती असं ऐकतो, तुम्हाला काही माहीत होतं का? मग प्राध्यापक म्हणाले, "तुम्ही त्या खोलीत काय ठेवलंय?"

पुस्तकं, हे म्हणाले.

"आजच काढा."

फोन बंद झाला. त्यानंतर त्यांनी तो कधी उचलला नाही.

आम्ही पुस्तकं बैठकीत आणायला लागलो. दोन्ही माणसं साठीच्या पुढची, चार-चार पुस्तकं करून वाहायचो. पावलं नकळत भिंतीच्या कडेकडेनं पडायची. तीन कपाटं रिकामी झाली. चौथ्यात चालू खटल्यांचे कागद होते. ते ह्यांना हाताशी हवे होते, म्हणून राहिलं. माझं न ऐकता हे तिथं बसतही राहिले. मी मात्र दर थोड्या वेळानं हाक मारायचे. काही काम नसताना. नुसता आवाज यावा म्हणून.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, हे चहा घ्यायला स्वयंपाकघरात आले. कपबशी हातात घेतली आणि मागं भरलेलं पोतं ओढल्यासारखा आवाज झाला. मग एकदम काही नाही. आम्ही दाराशी जाऊन पाहिलं. खोलीच्या मधोमध जमीन नव्हती. भरलेलं कपाट उभंच्या उभं आत गेलं होतं. त्याचा फक्त माथा दिसत होता. खुर्ची कशी कोण जाणे काठावर अडकली होती. आतून सडक्या, ओल्या काडीचा वास येत होता.

हे हातातला चहा घेऊन तसेच उभे राहिले. म्हणाले, "माझा चष्मा आत राहिला."

पुढं इंजिनियर आला, दगड आणि काँक्रीट घालून खड्डा भरला. बाकीचं घर उभं राहील असं तो म्हणाला, पण लिहून द्यायला तयार झाला नाही. खोलीला आम्ही कुलूप घातलं. प्राध्यापकांवर दावा लावायचा म्हणून ह्यांनी जुना सातबारा काढून आणला. त्यावर त्या वावरात विहिरी दोन, अशी नोंद होती. जागा लिहिलेली नव्हती.

मी भाजीवालीला विचारलं. एक तिच्या लग्नाआधीच बुजवली होती, एवढंच तिनं ऐकलं होतं. कुठं, ते सांगणारं आता कोणी जिवंत नव्हतं.

ह्यांनी तो कागद कॉलनीत घरोघरी नेऊन दाखवला. कोणी भांडलं नाही. चहा दिला, कागद पाहिला, परत केला. समोरच्या डॉक्टरांनी विनंती केली, की ही गोष्ट बाहेर जाऊ देऊ नका, त्यांचं घर विकायचं चाललं आहे. त्यानंतर संध्याकाळी फिरायला निघालं की लोक आम्हाला पाहून फोनवर बोलायला लागायचे.

डॉक्टरांचं घर पाहायला एक तरुण जोडपं आलं. नवरा आत दलालाशी बोलत होता, ती बाहेर कडुनिंबाखाली उभी होती. पोट दिसत होतं, सहावा-सातवा असावा. मी रस्ता ओलांडून तिच्याजवळ गेले आणि सगळं सांगितलं. आमची खोली, सातबारा, दुसरी विहीर. तिनं नीट ऐकून घेतलं. मग झाडांकडं, रस्त्याकडं पाहिलं.

"काकू, तीन वर्षं झाली इथं घर शोधून राह्यलो आमी," ती म्हणाली. "ती कोणाच्याही घराखाली असू शकते न?"

मी रस्ता ओलांडून परत आले.

दसऱ्याला ते राहायला आले. मी फाटकात उभी राहून पाहत होते. आधी पलंग उतरला, मग धुण्याचं मशीन. मग दोन माणसांनी लाकडी पाळणा उचलला आणि तिला विचारलं, कुठं ठेवायचा. तिनं घराच्या मागच्या बाजूला हात केला.