गोठ्याची हाक

बुर्गल माझ्या भावाची मुलगी. लहानपणीच डोळे गेले. उजेड-सावली तेवढी कळते. तरी आमच्या ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या बर्फाळ उतारांवर ती डोळसांना लाजवील असं स्कीइंग करायची. पॅरालिम्पिकच्या संघातही गेली. पुढे वाटाड्या म्हणून तिचा मामेभाऊ कासिआन, मागे ही. हेल्मेटमधल्या रेडिओवर तो सांगे, ही वळे. न वळता सरळ सुटायचं असलं की तो ओरडे, "हुऽऽई हो!" ही आमच्या गोठ्याची हाक. कुरणातल्या गाईंना भाऊ हीच हाक मारतो. कासिआनला ती बुर्गलनंच शिकवली.

पॅरालिम्पिक तोंडावर आलं आणि कासिआनला म्हणे ताप आला. बुर्गल एकटीच माझ्याकडे रोपवेवर आली. तिथं खुर्च्यांवर माणसं बसवायचं काम मी करते. तिचा रेडिओ सवयीनं चालूच होता. एकाएकी तिनं हेल्मेट काढून माझ्या कानाला लावलं. पलीकडच्या उतारावरून कासिआन बोलत होता, "डावीकडे... शाब्बास, लाडीना... हुऽऽई हो!"

लाडीना स्विस संघातली नवी अंध मुलगी.

संध्याकाळी तो आमच्याकडे सूप प्यायला हजर.

"ताप उतरला वाटतं सुपाच्या वासानं?" मी म्हटलं.

"आत्या, तुम्ही मध्ये पडू नका. बुर्गल, या हंगामानंतर मी लाडीनाचा वाटाड्या होणार आहे. सांगणारच होतो."

"गावात कुणाकुणाला ठाऊक आहे?"

तो सूप ढवळत बसला. म्हणजे सगळ्यांना.

"जा कुठं जायचं तिथं," बुर्गल म्हणाली. "पण ती हाक तुझी नव्हती रे. माझ्या कानात आता ती नको. नुसतं 'सरळ' म्हण."

केसानं गळा कापला मेल्यानं! आणि दुसरा वाटाड्या शोधायला वेळ नव्हता. ज्याच्यावर काडीचा विश्वास उरला नाही, त्याच्याच शब्दावर तिला डोंगरावरून झोकून द्यायचं होतं. तिनं दिलं. शर्यतीत शेवटच्या उतारापर्यंत ती पुढे होती. तिथं तो सवयीनं ओरडला, "हुऽऽई हो!" बुर्गल दचकून ताठ झाली. तेवढ्यात वेग गेला. चौथी आली.

पुढच्या हंगामात जागतिक स्पर्धेत लाडीनाला पदक मिळालं. वाटाड्यालाही तसंच पदक देतात. कासिआननं ते गळ्यात घालून गावभर मिरवलं. बुर्गलनं स्कीइंग सोडलं.

जूनमध्ये गाई वरच्या कुरणात गेल्या. बुर्गल दुधाची बादली घेऊन माझ्याशेजारी उभी होती. भावानं कुंपणाशी जाऊन हाक दिली, "हुऽऽई हो!"

गाई वळल्या. बुर्गलचे गुडघे स्कीवर असल्यासारखे आपसूक वाकले, अंग पुढे झुकलं, बादलीतलं दूध सांडलं.

"आत्या," ती म्हणाली, "बाबांना सांग ना, दुसरी हाक मारा म्हणावं."

सांगितलं. त्यानं दुसरी मारूनही पाहिली. गाई येत नाहीत.