सुकदेवचा चार मागांचा गेम

सुकदेव पाटील तसा माणूस वाईट नव्हता. फक्त त्या वर्षी त्याला कोणी "कसं काय चाललंय" असं विचारलं, तरी तो भांडायलाच उठायचा. नव्वदीची सुरुवात होती. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आपल्या एका खोलीत बसून तो कॉम्प्युटरचा गेम बनवत होता, आणि जगातली झाडून सगळी माणसं नि यंत्रं आपल्याच वाईटावर टपली आहेत, अशी त्याची खात्री पटली होती.

अमळनेरकडचा हा गडी बारावीपर्यंत शिकला आणि सुरतेला येऊन पॉवरलूमच्या कारखान्यात मागांवर लागला. कतारगामच्या एका हिरेवाल्याकडे धूळ खात पडलेला जुना कॉम्प्युटर त्याच्या हाती आला. कॉम्प्युटर कसला, नुसता कीबोर्डच तो. चित्र दिसायला घरचा टीव्ही जोडायचा आणि प्रोग्राम साठवायला गाणी ऐकायचा टेपरेकॉर्डर. सोबत गेमच्या दोन कॅसेटी होत्या. एकीत आकाशातून उतरणारी विमानं पाडायची, दुसरीत बोगद्यातून भुतांना चुकवत पळायचं. सुकदेव त्यात रंगला खरा, पण त्याला राहून राहून वाटायचं, ही विमानं नि ही भुतं आपल्यापैकी कोणी पाहिलीत? आपल्या लोकांना आपला गेम पाहिजे.

म्हणून त्याने मागांचा गेम लिहायला घेतला. पडद्यावर चार माग. एकाची तार, म्हणजे कापडाचा धागा, तुटली की तो बंद पडणार. छोट्याशा कारागिराने धावत जाऊन ती सांधायची, तोवर दुसऱ्याची तुटणार. चारही माग एकदम बंद पडले की खेळ खलास. किती वेळ माग चालते ठेवले, तितके गुण. कल्पना झकास होती, यात वादच नाही.

पण करू देईल ते सुरत कसलं! पाळी संपवून हा लिहायला बसला की शेजारच्या कारखान्याचे माग सुरू व्हायचे, व्होल्टेज बसायचं, टीव्हीवरचं चित्र आक्रसायचं आणि टाइप केलेलं सगळं पुसलं जायचं. कॅसेटवर साठवलेलं परत चढवावं, तर टेप कानठळ्या बसवत शेवटापर्यंत यायची आणि ऐनवेळी चूक दाखवून थांबायची. सुकदेवच्या तळपायाची आग मस्तकात जायची. व्होल्टेज धड असायचं ते रविवारी, कारखाने बंद असताना. आणि रविवारी टीव्हीपुढे अख्खी चाळ! बायको मालतीबाई दारातूनच बजावायची, "तुमना डब्बा मंग लावा. लोके बठेल शेतस." मालिकेतल्या देवाला मध्येच बंद करून आपली वायर जोडायची सुकदेवची काय टाप होती?

तरी पुन्हा पुन्हा टाइप करून गेम झाला. कतारगामला भूपेंद्रचं कॅसेटींचं दुकान होतं. गाण्यांबरोबर तो गेमच्याही कॅसेटी विकायचा. तो म्हणाला, रविवारी येतो, माझ्यासमोर चालवून दाखवा. पसंत पडला तर तुमच्या नावाने दुकानात ठेवतो, आणि पुढचे गेमही तुमच्याकडूनच घेतो. एवढं जमलं की आपण मागांवरून सुटलो, असं सुकदेवने मनाशी ठरवूनच टाकलं.

रविवारी मालतीबाईने कसंबसं सगळ्यांना समजावून टीव्ही मोकळा करून दिला. माणसं मात्र उठली नाहीत. पहिल्यांदा टेप नेहमीप्रमाणे शेवटी अडकली. मालिका गेली ती गेली आणि पडदाही कोरा, म्हणून लोक कुरकुरले. दुसऱ्यांदा मात्र चार माग उमटले, नि सुकदेवच्या जिवात जीव आला.

भूपेंद्र खेळायला बसला आणि बसतो न बसतो तोच हरला. परत बसला, परत हरला. सुकदेव मागून ओरडत होता, "डावीकडे! अहो, डावीकडे तुटली!"

"बहु अघरी छे, सुकदेवभाई," भूपेंद्र घाम पुसत म्हणाला. "जरा सोपी करा ना."

"अवघड? आम्ही कारखान्यात एकेक जण याच्या तिप्पट माग सांभाळतो. हे तर चारच आहेत!" सुकदेव भडकला. आपण हा गेम स्वतःच खेळून खेळून फक्त आपल्यापुरताच करून ठेवलाय, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याने शेजारच्या खोलीतल्या रामदासला पुढे ओढलं. दोघं एकाच कारखान्यात, एकाच पाळीला. हा तरी खेळून दाखवेल.

रामदासने पडद्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "बारा तास हाईच करस मी. आते सुटीना दिवसबी मागच चालाडू का?"

खोली हसली. भूपेंद्रही हसला. सुकदेवला इतकी लाज वाटली आणि इतका राग आला, की टीव्ही उचलून गल्लीत फेकावा.

तेव्हा मालतीबाई पुढे झाली. कारखाना तिने कधी आतून पाहिला नव्हता. नवऱ्याची फजिती बघवेना, म्हणून ती कीबोर्डपुढे बसली. ती भूपेंद्रपेक्षा बरीच टिकली. इकडची तार सांधली की तिकडे, तिकडची सांधली की परत इकडे. ओठ दाबून, मान न वळवता तिने कारागिराला पळवलं. शेवटी चारही माग बंद पडले. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"आनि यामा मानूस जिकस कवय?"

"कधी जिंकतो काय? जितकं टिकशील तितके गुण," सुकदेव चिडून म्हणाला.

"मंग शेवट?"

"शेवट म्हणजे... तारा तुटतातच ना."

"वहिनी बराबर बोलतात," भूपेंद्र उठत म्हणाला. "स्पीड कमी करा आणि शेवटी जिंकायचं ठेवा. लगेच घेतो मी."

मागणी रास्त होती आणि अवघडही नव्हती. सुकदेवने वेग कमी केला, तारा कमी तोडल्या. मग जिंकायचं लिहायला बसला. कारागिराने पाळी पुरी केली की जिंकला? पण पाळीमागून पाळी येतेच. सगळं कापड विणून झालं की जिंकला? ते कधी संपलेलं त्याने पाहिलं नव्हतं. मालतीबाईने विचारलं तर तिच्यावर खेकसला, भूपेंद्रचा निरोप आला तर निरोप्यावर. पुढे भूपेंद्रनेही नाद सोडला आणि कीबोर्ड खाटेखाली गेला.

सुकदेव मागांवरच राहिला. पुढे कित्येक वर्षं कोणी त्या गेमचा विषय काढला की तो व्होल्टेजला, टेपला आणि टीव्हीपुढे बसणाऱ्या चाळीला शिव्या घालायचा. गेम तर केव्हाच तयार होता. फक्त मागावरचा माणूस जिंकला की पडद्यावर काय दाखवायचं, ते त्याला सुचलं नव्हतं.