खंडेनवमीचं ग्रीज

माझ्या सासऱ्यांचं बोटीशी जितकं पटायचं तितकं माणसांशी पटत नसे, आणि न पटणाऱ्या माणसांत माझा नंबर पहिला. स्नेहलतागंजातल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. हे रेल्वेत, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. घरात उरायचे मामंजी आणि मी, दोघंही तापट. त्यांची उमेदीची वर्षं संस्थानाच्या मोटारखान्यात गेली होती. संस्थान गेलं, राज्य नवीन झालं, राजधानी भोपाळला गेली (याचा राग ते माझ्या भाजीवर काढत) आणि त्यांच्या वाट्याला शहराच्या पाण्याच्या तलावावरची मोटरबोट आली.

रिटायर झाल्यावरही पाणीपुरवठा खातं त्यांना एकेक वर्ष करून ठेवून घेत होतं. त्या वर्षी नवे इंजिनियर साहेब आले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बोट चालवून पाहीन आणि मगच म्हाताऱ्याला ठेवायचं की भोपाळहून तरणा माणूस मागवायचा ते ठरवीन, असं त्यांनी सांगितलं. मामंजी रात्रंदिवस घरी बसले असते तर काय झालं असतं, या विचारानं मीसुद्धा देवाला नारळ बोलले होते.

त्या बोटीचं इंजिन आत होतं आणि पंखा मागे, पाण्यात. दोघांना जोडणारा दांडा बोटीच्या पाठीतून बाहेर निघे, तिथे एक बेअरिंग होतं. त्याला पाणी लागू नये म्हणून बाहेरून रबराचा घड्याघड्यांचा भाता. जुन्या बेअरिंगला बोटीवरच बाहेरून बसवलेल्या निपलमधून, म्हणजे छोट्या तोटीतून, ग्रीज पाजावं लागे. पण त्या पावसाळ्यात मुंबईहून नवीन बेअरिंग आलं, ते दोन्ही बाजूंनी बंद. सोबत इंग्रजी पुस्तिका होती. मी बीएस्सी झालेली, म्हणून वाचून अर्थ सांगायचं काम माझं. ग्रीज कारखान्यातच भरलेलं आहे, वरून अजिबात देऊ नये, असं मी दोनदा सांगितलं.

"कानामागून आली नि तिखट झाली," मामंजी म्हणाले. बेअरिंगला म्हणाले की मला, ते मी विचारलं नाही.

मग खंडेनवमी आली. पाटावर हातोडी, पकड, पाने आणि मधोमध ग्रीजची पिचकारी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. मी ती पुस्तिकाही पाटावर ठेवली. मामंजींनी दोन बोटांनी उचलून माझ्या हातात दिली. "पुस्तक उद्या. आज हत्यारं. कायदा म्हणजे कायदा." पूजा झाली की पिचकारी घेऊन निघायचं आणि ताब्यातल्या प्रत्येक यंत्राला सणाचं ग्रीज द्यायचं, हा त्यांचा नेम होता. सायकलीपासून सुरुवात होई आणि बोटीला शेवटचा मान.

दुपारी ते परत आले ते खुशीतच. पुरणपोळीवर तूप घेत म्हणाले, निपल तर शाबूत आहे, नवं बेअरिंग पाहुणं म्हणून त्याला पंधरा पंप दिले. माझं डोकंच फिरलं. "इंग्रजी येत नाही ते ठीक आहे मामंजी, मराठीही कळत नाही का तुम्हाला?" मी म्हणाले. त्यांनी अर्धी पोळी तशीच ठेवली आणि हात धुवायला उठले. सणाच्या दिवशी म्हातारा माणूस माझ्यामुळे पानावरून उठला. मला इतकी लाज वाटली की उरलेल्या पोळ्या मी झाकूनच ठेवल्या.

दसऱ्याला पहाटे मीच त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हटलं, चला, उघडून बघू. लोक सोनं वाटत होते आणि आम्ही सासरा-सून सायकलरिक्षातून हत्यारांची पेटी घेऊन तलावावर निघालो. बोट काठावर ओढलेली होती. मागचा पंख्याचा भाग काढला, भाता सोडवला. आत पाहिलं तर बेअरिंगचं झाकण ग्रीजच्या दाबानं निखळलेलं, आणि भाता ग्रीजनं गच्च. मामंजी खालीच बसले. मी फडक्यानं ग्रीज पुसत होते तर भात्याच्या तळाशी बोटाला पाणी लागलं. रबराला केसाएवढी चीर होती. बंद बेअरिंगच्या भरवशावर आम्ही वर्षभर ते उघडलंच नसतं, आणि आतल्या आत सगळं गंजलं असतं. मी तसं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग अर्धी चूक माफ कर, सूनबाई. पण अर्धीच."

नवा भाता पेटीत होता. जुनं बेअरिंगही होतं, रॉकेलनं धुऊन मेणकापडात गुंडाळलेलं. त्याच्या कडेला ग्रीज आत जाण्याचं भोक असतं. ते निपलच्या वाटेसमोर यायला हवं, नाहीतर कितीही पंप मारा, ग्रीज आत जात नाही. मामंजींना मोतीबिंदूमुळे ते दिसेना. मी पेटीत राहिलेल्या पूजेच्या पुडीतलं कुंकू घेऊन भोकाच्या जागी एक रेघ ओढली आणि बोटीवर निपलच्या वाटेपाशी दुसरी. "डावीकडे थोडं, अजून जरासं," मी सांगत गेले आणि त्यांनी लाकडी ठोकळा लावून बेअरिंग ठोकलं. माझं इतकं त्यांनी आजवर कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोट लोण्यासारखी चालली. साहेब खूश. उतरताना सहज म्हणाले, नवीन बेअरिंग चांगलं दिसतंय. पुस्तिका वाचायला म्हणून मीही आले होते. मामंजींनी नुसती मान हलवली असती तरी वर्ष पदरात पडणार होतं. मी डोळ्यांनी हजार खुणा केल्या.

"साब, वो मैंने बिगाड़ दिया," मामंजी म्हणाले. "बहू ने पढ़ के सुनाया था, मैंने माना नहीं. अंदर पुराना है."

भात्याच्या चिरेचं मी सांगितलं, तेव्हा साहेबांनी तो फाटका भाता मागवला आणि चिरेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, नवीन बेअरिंग मागवतो, ते बसलं की निपलच्या जागी बोल्ट लावून टाका, आणि भाता दरवर्षी उघडून बघत जा. दरवर्षी, असं ते म्हणाले. रिक्षात बसेपर्यंत मामंजींना त्याचा अर्थ लागला नाही. लागला तेव्हा त्यांनी रिक्षा थांबवून मला रबडी खाऊ घातली.

पुढच्या खंडेनवमीला मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. पूजेला ये म्हणून हाक आली. पाटावर हातोडी, पकड, पाने होते. पिचकारी कडेला सरकली होती, आणि मधोमध ती इंग्रजी पुस्तिका, वर झेंडूचं फूल. पुस्तकं उद्या ना, मी विचारलं.

"हे हत्यार आहे," मामंजी म्हणाले. "हळदकुंकू तू लाव."