तिचा हरपलेला फोटो

हे मी कोणालेच सांगितलं नाही. पोराले नाही, पोरीले तर नाहीच.

आमी दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम — तुरीच्या ओल्या शेंगा सोलल्या. ओट्यावर बसून. ती म्हणे, "अवो, तोंडात कमी टाका, भाजीले उरू द्या." मी मुद्दाम मूठभर टाकले. ती हसली, अन् दाणे घेऊन घरात गेली.

थोड्या वेळानं माह्या मोबाइलवर फोटो आला. तिनं पाठवला नव्हता — आपोआप आला. पोरानं आमचे दोन्ही मोबाइल अन् पुण्यातला त्याचा कम्प्युटर एकमेकाले जोडून ठेवले होते. एकानं फोटो काढला का तिन्हीकडे दिसे. तिच्या हे ध्यानात राहत नसे. मागं मी नातवाच्या बारशाचे फोटो पुसले, तर तिच्याही मोबाइलमधून गेले. पोरानं मोबाइलमधल्या कचऱ्याच्या डब्यातून ते वापस आणले, मलेही शिकवलं; डबा रिकामा केला का तिन्हीकडून कायमचे जातात, हेही सांगितलं. म्हणजे मले सगळं मालूम होतं.

फोटोत तिची छाती होती. काखेजवळ गाठ, वरची कातडी आत ओढलेली. अकोल्याले दिलेल्या आमच्या पोरीले दाखवायले काढला असन. मले काहून नाही सांगितलं? मी ऐकणारा माणूस होतो काय?

मी तो पुसला. पोराले दिसन, आईची लाज — असं मनाले सांगितलं. खोटं. मले भेव वाटलं. फोटो पाह्यला असं तिले म्हटलं असतं तर दवाखान्यात न्यावं लागलं असतं, अन् तिथं काय निघन ते मले ऐकायचं नव्हतं.

जेवताना ती मोबाइल चाळत होती. "एक फोटू दिसून नाही राह्यला. पोराले विचारा न, त्यानं मांगं वापस आणले होते."

"कोणता फोटू?"

"असाच."

"सकाळी विचारतो."

तिनं पुन्हा फोटो काढला नाही. गाठ फुटली तेव्हा पोरगी तिले अकोल्याले घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, लय उशीर झाला. आता ती नाही. पोरगी अजून म्हणते, "आईनंच लपवलं." मी तिथंच बसलेला असतो. ऐकतो.

त्या सकाळचं सांगायचं राह्यलं.

ती अंगणात सडा टाकून राह्यली होती. मी मोबाइलमधला कचऱ्याचा डबा उघडला. फोटो होता तिथं. एक बोट लावलं असतं तर वापस आला असता. मी डबा रिकामा केला. मग तिले जवळ बोलावलं, अन् तिच्यासमोर पोराले फोन लावला — म्हटलं, तुह्या आईचा एक फोटो हरपला, पाह्य बरं सापडते काय.