दुबई ते मुंबई तीन तास, पुढे पुसेगाव

दुबईहून उडताना वैमानिकाने सांगितलं, मुंबई सुमारे एकोणीसशे किलोमीटर, वेळ तीन तास. आणि खरोखर तीन तासांत टेकलो. या प्रवासातलं सुख तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिंगोलीकडच्या पुसेगावात माझ्या धाकट्या बहिणीचं, सुनंदाचं लग्न होतं. वडील नाहीत, थोरला मीच. आम्ही बौद्ध, मुहूर्त पाहत नाही. म्हणून आईने फोनवर बजावलं होतं, "तू आल्याबिगर हार घालणार न्हाई." दुबईतल्या मालकाने रजाही विमानाच्याच हिशेबाने, लग्नाच्या आदल्या दिवसापासून दिली होती.

मुंबईत तपासणीवाल्याने सुनंदासाठी आणलेला मिक्सर सुटा करून न्याहाळला. तोवर संध्याकाळची गाडी गेली. मिळेल त्या गाडीने परभणी गाठली, पुढे बस. रस्त्याकडेला शिजवलेली हळद वाळत पडली होती, ऊन मी म्हणत होतं. औंढ्याजवळ चाक पंक्चर झालं. कंडक्टर सावलीला बसून निवांत केळी खाऊ लागला. मला त्या केळ्यांचाही राग आला.

हिंगोलीच्या स्टँडबाहेर काळीपिवळी (गावोगाव धावणारी प्रवासी जीप) उभी होती. "भरल्याबिगर हालत न्हाई साहेब," ड्रायव्हर म्हणाला. मी सगळ्या सीटा घेतल्या. गाडी निघाली आणि नाक्यावर थांबली. दोन बायका चढल्या. पुढच्या फाट्यावर एक म्हातारा चढला, शेळीसकट.

"अख्खी गाडी मी घेतलीय ना?" माझा आवाज चढला.

"घेतली न. पण वळखीचं माणूस हात करून राहिलं तर सोडून कसं जावं? तुमी उडून जाल, मला हितंच राह्याचंय."

शेळी माझ्या बुटांवर बसली. मी दात-ओठ खात पाय ओढून घेतले.

पुसेगाव दोन कोसांवर असताना समोरून फुलं लावलेली जीप आली. आखाडा बाळापूरची, नवरदेवाकडची. ओळखीचीच, म्हणून आमचा ड्रायव्हर थांबला. खिडकीशी सुनंदा होती. पांढरी साडी, गळ्यात हार.

"माझ्यासाठी थांबणार होतात ना?" मी तिच्यावरच खेकसलो.

"उन्हं कलेपर्यंत थांबलो दादा. पाव्हण्यांची लेकरं भुकेनं रडून राहिली होती." ती शांतपणे बोलत होती. "तू विमानानं येऊन राहिला म्हणून तर एवढं थांबलो. एसटीनं येतो म्हणला असता, तर दोन दिस आधीच बोलावून घेतलं असतं."

मी मिक्सरचं खोकं खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवलं. मागची गाडी हॉर्न देऊ लागली, आणि तिची जीप निघाली. भर रस्त्यात, त्या शेळीवाल्यासमोर मला रडू फुटलं. त्या रडण्याचाही संताप आला.

आठवड्याने परत निघालो. विमानात शेजारच्याने सहज विचारलं, "गाव किती लांब तुमचं?"

"सख्ख्या बहिणीच्या लग्नाला पोचता येत नाही, एवढं," मी म्हणालो.