दोन सूत

प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात एक कुलूपबंद खोली असते, आणि तिची किल्ली तो चितेपर्यंत कुणाला देत नाही. माझ्याही अंतःकरणात आहे. तिच्यात एका लॉरीचा गिअरबॉक्स आहे.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

आमच्या आळीतल्या भाऊसाहेबांची एक जुनी लॉरी होती. गावोगावच्या बागांतले आंबे ती बंदरावर आणायची. एका साली होळीनंतर ती दगडावर आपटली आणि गिअरबॉक्सचं हौसिंग — दातेरी चाकं ज्यात फिरतात ती बिडाची पेटी — तडकलं. नवं मुंबईहून मागवायचं, पत्र इंग्रजीत लिहायचं, म्हणून मला बोलावलं. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. त्यामुळे मला यंत्रांतलंही कळतं, असा आळीचा समज होता. तो मी कधी मोडला नव्हता.

हसनमिया मिस्त्रीनं मला भोकांची मापं सांगितली, आणि बजावलं, "मास्तर, नंबर इंजिनावरचा लिवा. कागदावरचा नको. गाडी एका सालची, इंजिन दुसऱ्या सालचं हाय."

यात अवघड काय होतं? काहीच नाही. फक्त भाऊसाहेब दर खंडेनवमीला इंजिनाची पूजा करीत, आणि शेंदूर नेमका नंबरावर लावीत. सात-आठ वर्षांचे थर! नखानं खरवडायचा अवकाश. पण मी — भोळ्या समजुतींवर वाचनालयात लागोपाठ तीन व्याख्यानं दिलेला मी — बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. न जाणो! घरी आलो आणि कागदावरचा नंबर लिहून मोकळा झालो.

हौसिंग बोटीनं आलं. भाऊसाहेबांनी नारळ फोडला, आळीनं खोबरं खाल्लं, आणि मग कळलं की बोल्टांची भोकं जुळत नाहीत.

"नंबर इंजिनावरचाच ना, मास्तर?" हसनमियानं विचारलं.

"अर्थात," मी म्हणालो. इथंच थांबायचं ना? पण नाही — मी चष्मा पुसला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "मिस्त्रींनी दिलेली मापं दोन सूत चुकली असावीत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्याशा जागेत मी एक अख्खा माणूस लोटून दिला.

हसनमिया शेंदूर खरवडून मला खोटं पाडू शकला असता. पण दुसऱ्याच्या देवाला तो हात लावणार नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं — म्हणूनच बोललो.

हसनमियानं वाद घातला नाही. भोकं पितळेनं बुजवली, दोन सूत बाजूला नवी पाडली, आणि चौथ्या दिवशी लॉरी सुरू झाली. काय तो दिवस! आंब्याच्या पेट्यांवर बसून सगळी आळी बंदरापर्यंत गेली. भाऊसाहेबांची आईसुद्धा, चपला हातात धरून. मीही होतो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसत होतो.

मात्र त्या दिवसापासून मिस्त्रीचं नाव दोनसूत पडलं. अर्ध्या सुताचीही चूक न करणारा माणूस! बाजारात कुणीही हाक मारायचं, "काय दोनसूत, आज इकडं की तिकडं?"

"तुझी अक्कल सपते तितनं दोन सूत फुडं!" तो म्हणायचा. लोक हसायचे. त्याच्या लेकीच्या लग्नातही नवऱ्याकडच्यांनी विचारलं, दोनसुतांचं घर कुठलं?

मी पत्ता सांगितला.

यंदा त्यानं स्वतःचं दुकान काढलं. म्हणाला, लोक ज्या नावानं वळखतात तंच लावतो. पाटी दोन्ही भाषांत आहे. इंग्रजी मजकूर माझ्याकडून तपासून नेला. त्यात एकही चूक नाही.