नाव घ्यायची सहल

बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायला मिळावं म्हणून एका दिवसात तीन-तीन पार्क पालथे घालणारा नवरा साऱ्या सुरत शहरात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या खानदानाच्या वाट्याला आला. ते म्हणजे आमचे फुवा, माझ्या वडिलांच्या बहिणीचे यजमान. खानदेशात आत्याला फुई आणि तिच्या नवऱ्याला फुवा म्हणतात. पोटासाठी सुरतेत आलो, चहात सुरती गोडवा आला, पण हे शब्द आम्ही सोडले नाहीत. फुवांचं खरं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. फुईने जे एवढं जपलं ते मी छापून मोकळं होणं बरं नव्हे. एवढंच सांगते की ते नाव आठवड्यातल्या एका वाराशी जुळतं, आणि त्यामुळे फुईच्या आठवड्यात सहाच वार होते. तिच्याकडे रविवारनंतर एकदम मंगळवार उजाडायचा. मधल्या दिवसाला ती 'रविवारना दुसरा दिन' म्हणायची आणि त्या दिवशी शंकराचा उपासही करायची, पण उपासाला नाव नव्हतं. रेशनकार्डाच्या वेळी तर कमालच झाली. खिडकीतल्या गुजराती कारकुनाने घरधन्याचं नाव विचारलं, तेव्हा फुईने पदर तोंडावर घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. बोट थोडं अलीकडे पडलं. कारकुनाने समजूतदारपणे 'रविभाई' लिहिलं आणि पुढची दोन वर्षं फुवांनी रविभाई या नावाने रॉकेल आणलं. कुणी हसलं तर ते म्हणायचे, "बायकोने काहीतरी नाव लिधं ना? रवि ते रवि."

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं फुईला तिच्या आजीने सांगितलं होतं आणि तिने ते मनावर कोरून ठेवलं होतं. मी तेव्हा नुकती पालिकेच्या मराठी शाळेत शिकवायला लागले होते, त्यामुळे जगाला शहाणं करण्याची जबाबदारी माझ्यावरच आहे असं मला वाटायचं. मी तिच्याशी वाद घालायची. ती शांतपणे माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढायची आणि वाद तिथेच मिटायचा. लग्नात तरी नाव घेतलंच असेल की, असं मी एकदा फुवांना विचारलं. ते म्हणाले, "लिधं. पन तेव्हढामा बँडवाला सुरू झाया." त्या बँडवाल्याला त्यांनी कधीच माफ केलं नाही. पुढे कुठल्याही वरातीत बँड दिसला की ते त्याच्या ढोलाकडे अशा नजरेने बघायचे की वाजवणाऱ्याचा हात क्षणभर अडखळावा.

फुवा सुरतेलगतच्या सचिन या औद्योगिक वसाहतीत एका लूमच्या खात्यात फिटर होते. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. त्यांच्या खात्यातली शंभरेक लूम्स एकदम सुरू झाली की जमिनीसकट माणूस हादरतो. तिथे तोंडाने बोलून उपयोग नसतो. माणसं ओठ बघून समजून घेतात, नाहीतर हातांनी खुणा करतात. दोन बोटं कापल्यासारखी हलवली की धागा तुटला, तळवा पोटाशी नेला की जेवायला चला, आणि बोट हवेत गोल फिरवलं की बीम, म्हणजे सुताचा रूळ, संपलं, मशीन बंद कर. फुवा या खुणा घरीही वापरायचे. जेवताना वरण संपलं की ते बोट हवेत गोल फिरवायचे, आणि त्याचा अर्थ ठाऊक नसलेला एक जावई घाबरून ताटाभोवती पाणी फिरवायला लागला होता. मशीनचं दुखणं ते कानाने ओळखायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि मग बेअरिंग गेलंय की दाता झिजलाय ते सांगायचं. "मशीन बोलस बेटी, आयकनारा पाहिजे," असं ते मला सांगत. आमच्या घरचा पंखा, शेजारची शिलाई मशीन, रिक्षा, सगळ्यांना त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावून झाला होता. एकदा ताप आला म्हणून डॉक्टरने त्यांच्या छातीला नळी लावली, तर उठता उठता त्यांनी डॉक्टरला विचारलं, "बेअरिंग ठीक शे ना?"

असा हा कानांवर जगणारा माणूस हळूहळू बहिरा होत चालला होता, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खात्यात सगळेच ओठ वाचतात, आणि घरी फुवा वाटेल ते उत्तर देतात ते स्वभावाने देतात असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. एके दिवशी ते शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले आणि मला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेले, कारण तिथले कागद त्यांना वाचता येत नव्हते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजवा कान गेलाच आहे, डावा फार तर वर्षभर साथ देईल. बाहेर आल्यावर मला रडू यायच्या बेतात होतं. फुवा मात्र उसाच्या रसाच्या गाडीच्या चरकाकडे बघत होते. मग म्हणाले, "घरमा कोनलेच सांगू नको. पन कान जावाना आगोदर एक डाव तिना तोंडतून मन्हं नाव आयकनं शे. मंग काही आयकाले उनं नही तरी चाली." हे बोलताना ते हसत होते, म्हणून मला ते जास्तच लागलं.

फुवांची एक थिअरी होती. माणूस घाबरला की त्याच्या तोंडून खरं निघतं. खात्यात एकदा लूममधून धागा नेणारा धोटा उडून एका कारागिराच्या कानाजवळून गेला, तेव्हा तो आईला किंवा देवाला न बोलावता सासूच्या नावाने ओरडला होता, आणि हा पुरावा फुवांना पुरेसा होता. मग त्यांनी फुईला घाबरवायचा सपाटा लावला. पिठाच्या डब्यात रबरी पाल ठेवली, तर फुईने ती चिमट्याने उचलून खिडकीबाहेर टाकली आणि पीठ चाळून घेतलं. एका दुपारी ते ओट्यापाशी जाऊन चक्कर आल्यासारखे आडवे पडले. फुई "अहो" म्हणाली, पुन्हा एकदा "अहो" म्हणाली, आणि मग हंडाभर पाणी तिने त्यांच्यावर ओतलं. ओल्या बनियनवर बसून फुवांनी मला मोठ्या गंभीरपणे सांगितलं, घरातल्या घरात हे जमणार नाही, मोठी मशीन लागेल.

त्या सुमारास हायवेला नवे नवे पार्क निघाले होते. फुवांनी ओळखीतली एक मेटाडोर ठरवली, आणि सहलीचा दिवस ठरला तो खात्याच्या सुटीचा, म्हणजे फुईकडे नसलेला वार. ड्रायव्हरला निरोप फुईने दिला. "रविवारना दुसरा दिन" हे त्या सुरती ड्रायव्हरने महिन्यातला दुसरा रविवार असं ऐकलं आणि आठवडाभर आधीच पहाटे येऊन हॉर्न वाजवत बसला. त्याची समजूत काढून त्याला परत पाठवलं, आणि ठरल्या दिवशी आई-बाबा, फुवा, फुई आणि मी असे ठेपले, चटणी आणि पाण्याचे कॅन घेऊन निघालो. फुईला सांगितलं होतं की ही सहल तिच्या हौसेसाठी आहे. तिला कसली हौस आहे हे तिलाही कळेना, पण ती नवीन साडी नेसून पुढे बसली.

पहिला पार्क पलसाण्याच्या पुढे होता आणि त्यात एक उंच पाळणा होता. फुवांनी आधी त्याच्या खांबाला स्क्रूड्रायव्हर लावून तो पास केला. पाळणा वर गेला आणि फुई शांतपणे म्हणाली, "आठून धोबी घाट दिसस." पाळणा तीनदा फिरला, तिन्ही वेळा तिने धोबी घाटच बघितला. नवसारीकडच्या दुसऱ्या पार्कात भूतबंगला होता. अंधारात एक भूत अंगावर आलं, फुईने त्याच्या थोबाडीत मारली, आणि बाहेर आल्यावर ते भूत गाल चोळत गुजरातीत तक्रार करू लागलं, तेव्हा तिने त्याला दोन ठेपले दिले. फुवांचा चेहरा पडला होता. ड्रायव्हरने विचारलं, "काका, हवे क्यां जवानुं?" फुवा म्हणाले, "जठे रोलर शे तठे."

रोलर म्हणजे रोलर कोस्टर. वलसाडकडच्या तिसऱ्या पार्कात तो नुकताच आला होता. फुवांच्या धंद्यात रोलर म्हणजे विणलेलं कापड गुंडाळतो तो, त्यामुळे कापड न गुंडाळणारा हा कसला रोलर, असा त्यांना संशय होता. पण गाडी खडखडत वर चढून एकदम खाली कोसळताना बघितली आणि त्यांचे डोळे चमकले. "हाई मशीन तिले बोलाडी," ते मला म्हणाले. फुई आकाशाकडे बघून म्हणाली, "माले नही बठनं." आई-बाबांनी तर पिशव्या सांभाळायचं काम आनंदाने घेतलं. शेवटी "मी एकला बठसू, मंग काही झायं ते..." असं अर्धवट बोलून फुवा निघाले, तशी फुई पदर खोचून त्यांच्या मागे गेली. मी त्यांच्या मागच्या सीटवर बसले.

आणि तिथे घोटाळा झाला. फुवांचा सगळा बेत डाव्या कानावर होता. फुईला डाव्या हाताला बसवायचं हे त्यांनी महिनाभर आधी ठरवलं होतं. पण मशीन चालवणाऱ्या माणसाने "बेन, आ बाजु" म्हणत फुईला उजवीकडे ढकललं आणि दांडा खाली पाडून कुलूप लावलं. फुवा घाबरले. जागा बदलायची म्हणून त्यांनी थांबायची खूण केली, आयुष्यभर जी केली तीच. हात वर करून बोट हवेत गोल गोल फिरवलं. बीम संपलं, बंद कर. त्या माणसाला वाटलं काका म्हणतायत, फिरव. त्याने हसून अंगठा दाखवला आणि खटका दाबला.

गाडी खडखडत वर चढली. टोकावर एक क्षण थांबली, आणि मग खाली समुद्राच्या दिशेने सगळंच सुटलं. मागच्या सीटवर मला स्पष्ट ऐकू आलं. फुई ओरडली. आधी "मरी जासू व माय!" आणि त्यानंतर नाव. नुसतं नाव नव्हे, बापाच्या नावासकट, आडनावासकट, रेशनकार्डावर जसं हवं होतं तसं पुरतं. पहिल्या उतारावर एकदा, वळणावर एकदा, आणि शेवटच्या उताराला तर तिने त्यांचा हात धरून एकेरीत हाक मारली. ही सगळी हाक त्या मेलेल्या उजव्या कानात गेली. डाव्या कानात फक्त वारा आणि चाकांचा खडखडाट होता.

खाली उतरल्यावर फुवांनी आधी मला बाजूला घेतलं. "काय वरडनी ती? माले कायच आयकाले उनं नही." त्यांच्या मागे फुई उभी होती. केस सुटलेले, चेहरा पांढराफटक, आणि माझ्याकडे बघून तिने हात जोडले. तिने नवऱ्याचं आयुष्य तीनदा घटवलं होतं आणि ते कुणाला कळू नये एवढंच तिला हवं होतं. जगाला शहाणं करायला निघालेली मी त्या दोघांच्या मधे उभी राहिले आणि खोटं बोलले. म्हणाले, "ओ माय म्हणाली, फुवा." ते "बरं" म्हणाले. परत जाताना ते ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर तळवा ठेवून बसले होते. मला आजही त्या 'बरं'ची लाज वाटते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. पुढची दिवाळी यायच्या आत डावा कानही गेला. फुवांनी खातं सोडलं. आता ते घरी असायचे, आणि घरात एक गंमत सुरू झाली. फुई त्यांना नावाने हाका मारू लागली. पीठ मळताना, कपडे वाळत घालताना, दिवसभर. मी आ वासून बघत राहिले, तेव्हा ती म्हणाली, "आते त्यासले आयकाले येत नही ना. त्यासना कानवर गयं तरच आयुष्य घटस. नही ते नाव लिधं ते काय बिघडनं?" मात्र ते ओठ वाचतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून हाक नेहमी त्यांच्या पाठीमागून मारायची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आलेली बाई पन्नाशीत ते नाव पहिल्यांदा मनमोकळं उच्चारत होती आणि तिची हौस फिटत नव्हती. हा हक्क तिला एवढ्या उशिरा, तोही असा मिळावा याचं मला वाईट वाटलं. ज्याचं नाव त्याला सोडून साऱ्या चाळीला ते ऐकू जात होतं.

फुवांनी मात्र म्हातारपणी एक नवीन खूळ काढलं, असं सगळे म्हणत. रोज सकाळी दाढी करायला ते तास-दीड तास घेत. खिडकीला आरसा टांगून पाठमोरे बसत, आणि कुणी हाताने खुणावलं तरी उठत नसत. एका सकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मागे फुई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली, पाठमोऱ्या नवऱ्याकडे बघितलं आणि हसून त्यांच्या नावाने हाक मारली. मी सहज आरशात बघितलं. त्यात फुवांच्या खांद्यावरून फुईचा अख्खा चेहरा दिसत होता, ओठांसकट.

फुवांनी आरशातूनच मला डोळा मारला. "तिले सांगू नको," ते त्यांच्या मते हळूच, पण चांगलेच मोठ्याने म्हणाले, "समजनं ते बंद करी टाकी." मी घाबरून मागे बघितलं. फुई सूप घेऊन मोरीकडे गेली होती. फुवांची दाढी तोवर कधीच उरकली होती. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, गुळगुळीत गालावर पुन्हा फेस केला, आणि ती परत यायची वाट बघत बसले.